दार न उघडणाऱ्या घरांचं काय करायचं?

देशात बेकार किती, हे ब्रिटनला ऑक्टोबर २०२३ मध्ये ठामपणे सांगता येईना. इथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने, म्हणजे ओएनएसने, श्रमबल सर्वेक्षणाचे नेहमीचे आकडे प्रसिद्ध करायचं त्या महिन्यात थांबवलं आणि ते पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच पुन्हा सुरू केलं. कारण साधं होतं. दशकभरापूर्वी निवडलेल्या घरांपैकी निम्म्याच्या आसपास घरं उत्तरं द्यायची. २०२३ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत हे प्रमाण १७.३ टक्क्यांवर आलं होतं. बँक ऑफ इंग्लंड व्याजदर ठरवताना हेच आकडे पाहते, आणि माझ्या घराच्या कर्जाचा हप्ता त्या व्याजदरावर चालतो. लोकांनी दार उघडणं बंद केलं की त्याची झळ कुठपर्यंत पोचते, हे मला इथे राहून कळलं.

२०२१ च्या जनगणनेत याच देशातल्या इंग्लंड आणि वेल्समधल्या ९७ टक्के घरांनी माहिती दिली होती. जनगणनेला उत्तर देणं कायद्याने सक्तीचं आहे, श्रमबल सर्वेक्षण ऐच्छिक आहे. त्यातही एकदा निवडलेल्या घराला दर तीन महिन्यांनी, एकूण पाच वेळा, तेच प्रश्न विचारले जातात. माणूस कंटाळतो, आणि त्यात त्याचा दोष आहे असं मला वाटत नाही.

आता अशा पाहण्यांसाठी मशीन लर्निंगचा, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकून अंदाज बांधणाऱ्या संगणक प्रणालीचा, आधार घ्यायची चर्चा सगळीकडे आहे. मला ती स्वागतार्ह वाटते. पूर्वी कोणत्या वस्तीत, कोणत्या वारी, किती वाजता बेल वाजवली आणि पुढे काय झालं, याच्या नोंदी सर्वेक्षण करणाऱ्यांकडे पडून असतात. त्या नोंदींवरून प्रणाली शिकते आणि प्रत्येक पत्त्याबद्दल अंदाज देते: इथे पत्र पुरेल, इथे संध्याकाळी माणूस पाठवा, इथे सुरुवातीलाच अनुभवी माणूस लागेल. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०१२ मध्ये यासाठी खुली स्पर्धा घेतली होती. कोणत्या भागातून फॉर्म परत येणार नाहीत, याचा सर्वांत अचूक अंदाज कोण बांधतो, अशी ती स्पर्धा. त्यातून 'लो रिस्पॉन्स स्कोअर' हा निर्देशांक तयार झाला, आणि आज तो नकाशावर कुणालाही पाहता येतो. भाडेकरू किती, तरुण किती, अशा गोष्टींवरून तो बांधलेला आहे. सरकार कुणाला 'अवघड' समजतं हे नागरिकांना दिसतं, ही यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट.

पण या प्रणालीला काम काय सांगायचं, हा प्रश्न संगणकवाल्यांवर सोडून चालणार नाही. 'प्रतिसादाची टक्केवारी वाढव' असं सांगितलं तर ती सगळ्यात स्वस्त मार्ग शोधेल. स्वतःच्या घरात राहणारी, निवृत्त, इंग्रजी सहज बोलणारी माणसं तिला पटकन सापडतील. टक्केवारी चढेल आणि चित्र आणखी वाकडं होईल.

हे ब्रिटनमध्ये प्रणालीशिवायही घडून गेलं आहे. २०२० मध्ये कोविडमुळे घरोघरी जाणं थांबलं आणि पहिली मुलाखतही फोनवर आली. नमुन्यात घरमालकांचं प्रमाण वाढलं, भाडेकरूंचं घटलं. स्थलांतरित मोठ्या संख्येने भाड्याने राहतात, त्यामुळे तेही गळाले. याच आकड्यांवरून जानेवारी २०२१ मध्ये दोन अभ्यासकांनी अंदाज मांडला की परदेशात जन्मलेले १३ लाखांपर्यंत लोक ब्रिटन सोडून गेले असावेत. वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे झळकले. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक इथेच होते. सर्वेक्षणाने त्यांना गाठलं नव्हतं एवढंच. ओएनएसला आधी भाडेकरूंचं आणि मग २०२१ मध्ये करविभागाच्या नोंदी वापरून परदेशात जन्मलेल्यांचं वजन, म्हणजे नमुन्यातला एक माणूस देशातले किती जण म्हणून धरायचा ते, सुधारून घ्यावं लागलं. बस चालवणारी, रुग्णालयांत रात्रपाळी करणारी, दोन खोल्यांत पाचजण राहणारी आमच्यासारखी माणसं कागदावरून नाहीशी झाली होती. ज्यांची मोजणी होत नाही त्यांच्या वाट्याच्या शाळा आणि दवाखानेही ठरत नाहीत. म्हणून प्रणालीला सांगायचं ते हे: ज्या गटातून सगळ्यात कमी घरं आली, तिथे आमचा सगळ्यात चांगला माणूस आणि सगळ्यात जास्त पैसा पाठव. एकूण टक्केवारी थोडी कमी राहिली तरी चालेल.

भारतात घरी फोन केला की वेगळा वाद कानावर येतो. जुलै २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या सदस्य शमिका रवी यांनी लिहिलं की आपल्या राष्ट्रीय पाहण्यांचे नमुने जुन्या चौकटीतून, म्हणजे घरं निवडायच्या जुन्या याद्यांतून, निघतात, ग्रामीण भाग जास्त धरला जातो आणि देश आहे त्यापेक्षा मागास दिसतो. सांख्यिकी क्षेत्रातल्या अनेक जाणत्यांनी याला कडाडून उत्तर दिलं. चौकट जुनी झाली, हे खरंच. २०११ नंतर तोवर जनगणनाच झाली नव्हती. पण या वादात गेटवरच्या वॉचमनचं नाव कुणी फारसं घेत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत शहरी भागात दहा लाखांपेक्षा महागडी गाडी असलेल्या कुटुंबांचा वेगळा गट केला गेला. हे शहाणपणाचं पाऊल होतं. मात्र असं घर यादीत येणं वेगळं आणि त्याने दार उघडणं वेगळं. बाणेर-खराडीच्या टॉवरमध्ये सर्व्हेवाल्याला सेक्रेटरीची परवानगी आणायला सांगतात, मग सेक्रेटरी फोन उचलत नाही. वस्तीतली बाई मात्र हातातलं काम बाजूला ठेवून तासभर सगळं सांगते.

आपल्याकडची आणखी एक पद्धत इथे नडते. निवडलेलं घर मिळालं नाही तर त्याच गटातलं दुसरं घर घेण्याची सोय राष्ट्रीय नमुना पाहणीत आहे. त्यामुळे ठरलेली घरसंख्या पूर्ण होते आणि नकार किती झाले ते झाकलं जातं. ब्रिटनचा १७ टक्क्यांचा आकडा लाजिरवाणा आहे, पण तो छापला जातो, म्हणून त्यावर संसदेत प्रश्न विचारता येतात. आपल्याकडे नकारांची नोंद गटवार आणि शहरवार जाहीर होत नाही तोवर प्रणाली शिकणार कशावरून?

जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगासाठी महाराष्ट्रभर घरोघरी सर्वेक्षण झालं. शिक्षक आणि पालिका कर्मचारी मोबाइल अॅप घेऊन फिरले. जात विचारली म्हणून शहरांतल्या काहींनी त्या कर्मचाऱ्यांवरच आगपाखड केली. मला त्या शिक्षिकांचं फार वाईट वाटलं. हातात अॅप देऊन त्यांना उंबरठ्यावर एकटं उभं केलं होतं. ही माहिती कुठे जाईल, कोण पाहील, कोण पाहू शकणार नाही, हे समोरच्याला सांगायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. पुण्याच्या गोखले संस्थेत बसून दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये देशाच्या गरिबीचा हिशेब मांडला तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर. ते आकडे अशाच उंबरठ्यांवरून आले होते.

आता सांख्यिकी मंत्रालयाने घरगुती उत्पन्नाची पाहणी हाती घ्यायचं ठरवलं आहे. २०२५ मधल्या पूर्वचाचणीतच बहुतेकांना हे प्रश्न फार खाजगी वाटले आणि आयकराचा प्रश्न अनेकांनी टाळला. इथे प्रणालीचा मोह होणार: वीजबिल, गाडी, बँक सगळं जोडा आणि उत्पन्नाचा अंदाज काढा, विचारायला जायलाच नको. मी याला विरोध करतो. सर्वेक्षणाची माहिती करविभागाकडे जाते, असा नुसता संशय जरी पसरला तरी पुढची वीस वर्षं टॉवरचं गेट उघडणार नाही. ब्रिटनमध्ये २००७ च्या कायद्याने अशी वैयक्तिक माहिती फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तरीही लोक दार उघडेनासे झाले आहेत. आपल्याकडे ते अजून उघडतात. प्रणाली आणायची तर कोणत्या सोसायटीत कोणाला पाठवायचं, एवढंच तिला विचारा. आणि सेक्रेटरीच्या हाती द्यायचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं, मराठीत लिहिलेलं आणि माहिती करविभागाला मिळणार नाही हे पहिल्याच ओळीत सांगणारं असू द्या.