गुडघा दुखतो म्हणून पहिली हाफ मॅरेथॉन लगेच सोडू नका

धावणाऱ्यांच्या गुडघेदुखीवरच्या एका लेखात लिहिलंय की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं दुखायला लागलं की यंदाची रेस विसराच, हे मला नाही पटलं. माझं हेच दुखणं होतं, आयटी बँड म्हणतात तो, कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला जाऊन मिळणारा जाड पट्टा. नागपुरातल्या सेमिनरी हिल्स टेकडीचा उतार उतरताना अशी कळ यायची की घरी जिना उतरतानाही कठडा धरावा लागे. पण फिजिओ मॅडमनी पळणं बंद नाही केलं, फक्त उतार बंद केला आणि कुल्ह्याच्या स्नायूंचा व्यायाम दिला, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून हळूहळू उचलायचा, दिसायला एकदम सोपं पण थोड्याच वेळात पाय थरथरायला लागतो बापा! मग अंबाझरीकडच्या सपाट रस्त्यावर थोडं पळायचं थोडं चालायचं, कळ आली की तिथंच थांबायचं, आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात हे सगळं सूर्य उगवायच्या आत. रेसमध्येही तसंच केलं, 21.1 किमी चालत-पळत पूर्ण झाले, शेवटच्या टप्प्यात अनोळखी लोक "चला ताई, आलंच आता" म्हणत होते तेव्हा डोळे भरून आले खरंच. वेळ किती लागला याचं मला काहीच नाही. फक्त हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की दुखत असेल, सूज असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल तर मात्र पळणं थांबवा आणि आधी हाडाच्या डॉक्टरला दाखवा, ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतं.