आधी घसरगुंडी बांधा

अभिनंदन! अमेरिकेतल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीनं तुम्हाला फुटबॉलचा हेडकोच केलंय. फुटबॉल म्हणजे तो हेल्मेटवाला, बॉल काखेत मारून पळायचा, उगाच मेस्सीबिस्सी डोळ्यासमोर आणू नका. बऱ्याच राज्यांत गव्हर्नरपेक्षा कोचचा पगार जास्त असतो, तेव्हा तुमचा मान काय ते समजून घ्या. आणि काम तसं एकच आहे, पोरं एनएफएलच्या, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टपर्यंत पोचवायची. चारित्र्य, शिक्षण, संस्कार वगैरे पत्रकार परिषदेत बोलायला ठेवा, तिथं ते फार शोभतं.

ड्राफ्ट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दर एप्रिलच्या शेवटी ३२ टीम ओळीनं बसतात, सात राउंड होतात आणि अडीचशेच्या वर पोरं उचलली जातात. जी टीम गेल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला. आपल्या आयपीएलसारखी बोली नाही, सरळ रेशनच्या रांगेसारखं, ज्याचा नंबर आला त्यानं समोरचं पोतं उचलायचं, आणि पोत्याला कुणी विचारत नाही की बाबा तुला क्लीव्हलँडला जायचंय का.

तर सुरुवात घसरगुंडीपासून करा. चेष्टा नाही करत. क्लेमसन युनिव्हर्सिटीनं २०१७ साली साडेपाच कोटी डॉलर घालून फुटबॉलवाल्यांसाठी इमारत बांधली, त्यात मिनी गोल्फ आहे, बोलिंग आहे आणि वरच्या मजल्यावरून खाली यायला खरोखरची घसरगुंडी आहे. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीनं २०१९ मध्ये लॉकर असे बनवले की आडवं केलं की पोरगं त्यातच झोपतं. १८ वर्षांचं पोरगं कॉलेज बघायला येतं तेव्हा ते लायब्ररी बघायला येत नाही हो, ते घसरतं आणि सही करतं.

मग त्याच्या घरी जा. आईच्या शेजारी सोफ्यावर बसा, ती जे वाढेल ते दोनदा मागून खा, आणि गेल्या काही वर्षांत आपल्याकडून ड्राफ्टमध्ये कोण कोण गेलं त्याची यादी काढा. जॉर्जिया युनिव्हर्सिटीची २०२२ ची यादी बघून घ्या, एका वर्षात १५ पोरं गेली, त्यातली पाच तर डिफेन्सची आणि पहिल्याच राउंडात. असली यादी टेबलावर ठेवली की बोलावं लागत नाही. आपल्याकडं निकाल लागला की क्लासवाले चौकात फ्लेक्स लावतात ना, पासपोर्ट साइजचे फोटो आणि खाली टक्के, तीच आयडिया आहे. त्या बॅचमधली बाकीची चारशे पोरं कुठं गेली हे कुठल्या फ्लेक्सवर वाचलंय तुम्ही? कॉलेज खेळांची जी शिखर संस्था आहे, एनसीएए, तिचाच आकडा आहे की ड्राफ्टला पात्र होणाऱ्या पोरांपैकी साधारण १.६ टक्के निवडले जातात. हा आकडा आईसमोर काढायचा नाही. अगदीच विचारलं तर म्हणायचं, ताई, बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण तुमच्या लेकरात मला काहीतरी दिसलंय. दर घरी हेच म्हणायचं, कुणी पडताळत नाही.

आता अभ्यासाचं. नियम असा आहे की सीझनमध्ये आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ पोरांना खेळात अडकवायचं नाही. घाबरू नका, नियम प्रेमळ आहे. मॅचचा अख्खा दिवस तीनच तास धरतात, मग तुम्ही विमानानं अर्धा देश ओलांडून का खेळेनात. आणि जे "ऐच्छिक" आहे ते मोजतच नाहीत. म्हणजे पहाटे पाचला वेट्स मारणं ऐच्छिक. न येणाऱ्याची नोंद ठेवणंही ऐच्छिकच, तुमच्या बाजूनं.

या ऐच्छिक प्रकाराचा मला जरा जवळून अनुभव आहे. मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत, नाव राहू द्या, एमएस करताना मी स्टॅटिस्टिक्सचा टीए, म्हणजे प्राध्यापकाचा शिकवणारा मदतनीस, होतो, सकाळी आठचा सेक्शन, पुण्याहून आलेल्या नवख्याला दुसरं कोण काय देणार. त्यात एक ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे समोरच्यांना अंगानं अडवणारा गडी, होता, सहज १४० किलो, ती एका हाताला फळी जोडलेली खुर्ची असते ना त्यात तो मावायचाच नाही, म्हणून मागच्या भिंतीला दोन खुर्च्या लावून बसायचा. खांद्याला बर्फाची पिशवी, डब्यावर गुंडाळतात त्या पातळ प्लास्टिकनं घट्ट गुंडाळलेली. पावणेनऊपर्यंत बर्फ वितळायचा आणि कोपरावरून थेंब थेंब वर्कशीटवर पडायचा, माझ्याकडं कागद यायचा तेव्हा अर्धी शाई पसरलेली आणि कागदाचा पापड झालेला. मला तो कोच म्हणायचा. त्याच्या आयुष्यात पुढं उभा राहून बोलणारा प्रत्येक माणूस कोचच होता बहुतेक. पोरगं ढ नव्हतं हां, झोपेत होतं. एकदा मी शहाणपणा करून प्रोबॅबिलिटीच्या गृहपाठात तो १.६ टक्क्यांचा आकडा घातला, एका टीमची २५ पोरं यंदा पात्र आहेत तर सरासरी किती निवडली जातील. त्यानं बरोबर ०.४ काढलं, आणि खाली लिहिलं, "कोच, कमरेच्या वरचा भाग की खालचा?"

असले टीए वेळीच हुडका आणि दुसऱ्या सेक्शनला पाठवा.

खरं तर वर्गच नसलेला बरा. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलमधल्या युनिव्हर्सिटीत हे १८ वर्षं बिनबोभाट चाललं होतं, वर्ग भरायचा नाही, प्राध्यापक दिसायचे नाहीत, एक पेपर लिहून द्यायचा आणि ऑफिसातल्या बाई मार्क द्यायच्या, तेही हात सैल सोडून. २०१४ साली चौकशीचा अहवाल आला, ३१०० च्या वर पोरं त्यातून गेली होती आणि त्यात खेळाडूंचा भरणा. मग एनसीएएनं तीन वर्षं लावून २०१७ मध्ये निकाल दिला की हे वर्ग फक्त खेळाडूंना नाही तर सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, त्यामुळं आमचा नियम मोडला असं म्हणता येत नाही. काय सुंदर आहे बघा. नुसत्या आपल्या पोरांना फसवलं तर गुन्हा, सगळ्यांना फसवलं तर समान संधी.

आणि पोरांना खेळाडू म्हणायचं नाही, कामगार तर नाहीच नाही, "स्टुडंट-अॅथलीट" म्हणायचं, जोडशब्द आहे, तो कधी तोडायचा नाही. हा शब्द एनसीएएनं १९५० च्या दशकात काढला, वकिलांच्या कामाचा म्हणून. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा खेळाडू मॅचमध्ये डोक्याला मार बसून गेला. बायकोनं कामावर मेलेल्या माणसाची भरपाई मागितली आणि १९५७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बाई, कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. तुमच्या स्टेडियमला लाख माणूस बसतो, टीव्हीचे करार अब्जांत आहेत, पण धंदा नाही. एवढा टिकाऊ शब्द मी तरी दुसरा बघितला नाही.

हल्ली जरा महाग पडतं म्हणा. २०२१ पासून पोरं स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावू शकतात, आणि २०२५ च्या जुलैपासून कॉलेजं सरळ पैसे देऊ शकतात, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. यावर तुम्ही प्रत्येक मुलाखतीत उसासा टाकायचा की पैशानं खेळाचा आत्मा गेला. उसासा टाकताना टेक्सास ए अँड एमचं नाव तेवढं घेऊ नका, २०२३ मध्ये त्यांनी कोचला काढलं आणि घरी बसायचे साडेसात कोटी डॉलरच्या वर कबूल केले. त्या आत्म्याला काही झालं नाही, तो ठणठणीत आहे.

आता मुख्य भाग. तीन वर्षं झाली, पोरगं पात्र झालं, त्याला दाखवायला न्यायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला कंबाइन भरतं, तीनशेच्या वर पोरं बोलावतात, आणि तुम्ही मराठी असाल तर तुम्हाला काही नवीन शिकायची गरज नाही, हा चक्क बघण्याचा कार्यक्रम आहे, फक्त कांदेपोहे नाहीत आणि मुलगी १२० किलोची आहे. उंची मोजतात, वजन करतात, चड्डीवर उभं करून वळून दाखव म्हणतात. चालून दाखवच्या ऐवजी पळून दाखव, ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर. सरळ रेषेत, अंगावर कुणी नसताना, मॅचमध्ये जे सहसा होत नाही तेच. १०२ किलोची बार छातीवरून किती वेळा उचलतो ते मोजतात. सांधे ओढून बघतात, एकामागून एक डॉक्टर येतो आणि तोच गुडघा वाकवतो. आणि वीत मोजतात! अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. २०२० मध्ये बॉल फेकणाऱ्या जो बरोची वीत नऊ इंच भरली तर एवढी चर्चा झाली की तोच ट्विटरवर म्हणाला, आता रिटायर व्हायचा विचार करतोय. तो पहिल्या नंबरवर गेला. २०२२ मध्ये केनी पिकेटची साडेआठ भरली, त्यानं अंगठा ताणायचे व्यायाम केले आणि पुढं कॉलेजच्या प्रो डेला, म्हणजे कॉलेजातच पोरं दाखवायच्या दिवशी, मोजली तर अष्टमांश इंच वाढली. तेव्हा पोरांचे अंगठे आजपासूनच ओढायला घ्या.

सीझन संपला की सगळं सोडून त्या ४० यार्डांचीच प्रॅक्टिस करा, त्यातही पहिल्या तीन पावलांची. २०२४ ला टेक्सासचा झेवियर वर्दी ४.२१ सेकंदात पळाला, रेकॉर्ड झालं, तरी नंबर आला २८ वा. मिशिगनचा टॉम ब्रेडी २००० साली ५.२८ मध्ये लडखडत पोचला होता, त्याचा तो उघड्या अंगाचा फोटो अजून फिरतो, पोट जरा सैलच. त्याला १९९ व्या नंबरवर घेतला आणि त्यानं सात सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या फायनल, जिंकले. ब्रॉक पर्डीला २०२२ मध्ये सगळ्यात शेवटी घेतला, २६२ वा, दोन वर्षांच्या आत तो सुपर बोल खेळत होता. या दोन गोष्टी तुम्ही प्रेरणादायी भाषणात वापरा, मोजपट्टीवाल्यांसमोर काढू नका, त्यांना वाईट वाटतं.

मुलाखतीची तयारी पण करून घ्या. मुलीला "स्वयंपाक येतो का" विचारतात तेवढं साधं नसतं हे. २०१० मध्ये मायामीच्या एनएफएल टीमच्या मॅनेजरनं डेझ ब्रायंटला त्याच्या आईबद्दल असा प्रश्न विचारला की नंतर जाहीर माफी मागावी लागली. २१ वर्षांचं पोरगं, बंद खोली, समोर मोठी माणसं. तुम्ही पोराला एवढंच शिकवा की काही झालं तरी हसून "येस सर" म्हणायचं, ते आपण तीन वर्षं शिकवतोच आहोत. फोनही साफ करून घ्या, २०१६ ला लॅरेमी टन्सिलच्या अकाउंटवर ड्राफ्ट सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी गॅस मास्क लावून धूर ओढतानाचा व्हिडिओ पडला आणि पहिल्या पाचात जाणारा गडी १३ वा गेला.

आणि सीझन संपल्यावरची शेवटची मोठी मॅच, बोल म्हणतात तिला, ती खेळायला लावा. त्याच २०१६ च्या एक जानेवारीला नॉत्र दामचा जेलन स्मिथ फिएस्टा बोल खेळला, गुडघा गेला, नंबर आला ३४. पुढच्या सीझनला मॅकॅफ्री आणि फोर्नेट दोघांनी सरळ सांगितलं की आम्ही बोल खेळत नाही, आणि अनुक्रमे आठवा आणि चौथा नंबर घेऊन गेले. असल्या पोरांना स्वार्थी म्हणायचं. तुम्ही स्वतः बोल मॅचच्या आधी जास्त पगारावर दुसऱ्या कॉलेजला गेलात तर त्याला करिअर म्हणायचं.

मग ड्राफ्टचे तीन दिवस. गुरुवारी ज्याचं नाव येईल त्याला मिठी मारताना चेहरा कॅमेऱ्याकडं ठेवा, फ्लेक्सचं मटेरियल आहे ते. शनिवारी सातवा राउंड संपेपर्यंत घरोघरी पोरं फोन मांडीवर घेऊन बसलेली असतात, आईनं केक आणलेला असतो, काकाला टीमच्या टोप्या कुठल्या घ्यायच्या कळत नसतं. तिकडं तुम्ही फोन करू नका, काय बोलणार. त्यापेक्षा लॉकरकडं लक्ष द्या. नावाच्या पट्ट्या मॅग्नेटच्या करून घ्या, खिळा मारला की मागं भोकं राहतात आणि नवीन पोरगं आईला घेऊन बघायला येतं तेव्हा ते बरं दिसत नाही.

आमचा लाइनमन त्या सोमवारी आठला हजर होता. दोन खुर्च्या, भिंतीला पाठ. खांद्याला बर्फ नाही आणि वर्कशीट पहिल्यांदाच कोरडंठाक. मी विचारलं, काय रे, आज सुट्टी? तर म्हणाला, "कोच, वेट रूमचं कार्ड लागेना." शनिवारी संध्याकाळीच बंद केलं होतं म्हणे. तुमच्या ऑफिसात कार्ड बंद करणारा असा एक तत्पर माणूस ठेवाच.