शिसं विकणाऱ्यास चार हिताच्या गोष्टी

तुमचा माल विषारी निघाला म्हणून दुकानाला कुलूप लावायला निघालात? थांबा. विज्ञानाला भिऊन पळणारा व्यापारी कच्चा. पक्का व्यापारी विज्ञानालाच पगारावर ठेवतो. हे कसं साधायचं ते अमेरिकेतल्या शिसेयुक्त पेट्रोलवाल्यांकडून शिकावं. त्यांनी एक धंदा अर्धं शतक सुखाने चालवून दाखवला आहे.

माल निवडताना पेटंटकडे पाहा, प्रकृतीकडे नको. १९२१ साली जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजली यांना इंजिनाचं नॉकिंग, म्हणजे आत इंधन अवेळी पेटून होणारी ठोकाठोक, थांबवायचं होतं. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तरी ते थांबतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण अल्कोहोल काय, कुणीही गाळावं. त्यात आपली मालकी ती कसली? टेट्राएथिल लेड हे शिशाचं रसायन चिमूटभर पुरतं आणि हक्क आपल्याच तिजोरीत राहतात. शिसं घातक असतं हे त्या काळीही सगळ्या डॉक्टरांना माहीत होतं. म्हणून बारशाच्या वेळी काळजी घ्यावी. मालाचं नाव ठेवलं ‘एथिल’. शिशाचा वासही नाही.

मग कामगार मरू लागतील. डगमगू नका. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच जण भ्रम होऊन, झटके येऊन गेले. दुसऱ्या एका कारखान्यात कामगारांना हवेत नसलेले किडे दिसत, म्हणून त्या इमारतीला ते ‘फुलपाखरांचं घर’ म्हणत. (कामगारांची विनोदबुद्धी फुकट मिळते, तिचा जाहिरातीत उपयोग कुणी कसा केला नाही, नवल आहे.) अशा वेळी कंपनीने सांगावं की, माणसं फार काम करत होती, त्यातून डोकं फिरलं असेल. एवढ्यावर भागलं नाही तर पत्रकारांना बोलवा. मिजलींनी त्यांच्यासमोर ते रसायन हातांवर ओतून घेतलं, मिनिटभर त्याची वाफ हुंगली आणि रोज असं केलं तरी काही होणार नाही म्हणाले. आदल्याच वर्षी शिशाची बाधा झाल्यामुळे ते स्वतः रजेवर गेले होते, ही घरातली गोष्ट. ती चव्हाट्यावर कशाला?

सरकार बैठक बोलावेल, तीही हसतमुखाने गाठा. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला ती झाली. हार्वर्डच्या ॲलिस हॅमिल्टन आणि येलचे यांडेल हेंडरसन यांनी परोपरीने धोका सांगितला. उद्योगाच्या बाजूने फ्रँक हॉवर्ड यांनी हे रसायन म्हणजे देवाची देणगी असल्याचं सांगितलं. आता देवाला कोण अडवणार? नेमलेल्या समितीने थोडे महिने तपासून निर्वाळा दिला की बंदी घालण्याइतकं कारण दिसत नाही, मात्र पुढे अभ्यास चालू ठेवावा. हे शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. अभ्यास चालू ठेवायला पैसा लागतो, आणि तो कुणाकडे असतो?

इथेच तुमचा खरा कस लागतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे पदवी घेतलेल्यालाही समजतं. सिनसिनाटीच्या रॉबर्ट किहो यांना उद्योगाच्या पैशावर प्रयोगशाळा मिळाली आणि पुढची सुमारे चाळीस वर्षं शिशाच्या बाबतीत त्यांचाच शब्द अखेरचा ठरला. त्यांचं म्हणणं साधं होतं: अपाय झाल्याचं सिद्ध करा, मग बघू. अपाय शोधायचं काम मात्र त्यांच्याच प्रयोगशाळेकडे. शिसं माणसाच्या शरीरात निसर्गतःच असतं, हे दाखवायला त्यांनी मोटारींपासून दूर मेक्सिकोतल्या खेडुतांची तपासणी केली. त्यांच्याही अंगात शिसं सापडलं! ते खेडूत शिशाचा मुलामा दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत. तुलनेसाठी माणसं निवडावी तर अशी.

एखादा मात्र वाट चुकून तुमच्या अंगणात येतो. क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञांना पृथ्वीचं वय काढायचं होतं, तेही उल्केतल्या शिशावरून. ते शिसं मोजताना प्रयोगशाळेतलं बाहेरचंच शिसं इतकं आड येई की त्यांना कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत धूळही शिरणार नाही अशी खोली उभारावी लागली. १९५६ मध्ये त्यांनी वय सांगितलं, सुमारे ४५५ कोटी वर्षं. इथवर ठीक होतं. पण हे सगळं शिसं आलं कुठून, हे विचारण्याची दुर्बुद्धी त्यांना झाली आणि १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं की आजच्या माणसाच्या अंगातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट आहे. अशा माणसाशी वाद घालू नये. त्याचा निधी आटवावा. १९७१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने हवेतल्या शिशावर समिती नेमली, तेव्हा या विषयातल्या या सर्वांत जाणत्या माणसाला तीत जागाच नव्हती.

तरीही एक दिवस हिशेब बाहेर येतोच. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेत पेट्रोलमधलं शिसं कमी झालं आणि लोकांच्या रक्तातलं सरासरी ३७ टक्क्यांनी उतरलं. हे आकडे घेऊन रडत बसू नका, नकाशा उघडा. गरीब देश मागून येत असतात. मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल १९९५ मध्ये मिळू लागलं, सबंध भारतात २००० मध्ये. तोवर चौकाचौकात उभ्या राहणाऱ्या ट्रॅफिक हवालदाराने काय हुंगलं, याचा हिशेब मागायला कुणी आलं नाही. कुठे अधिकारी फारच उत्साहाने शिसं बंद करायला निघाले तर हातही सैल सोडावा. हेच रसायन विकणाऱ्या इनोस्पेक या कंपनीने इराक आणि इंडोनेशियातल्या लाचखोरीचे आरोप २०१० मध्ये न्यायालयात कबूल केले. दंड भरला, कंपनी चालू आहे.

२०२१ मध्ये अल्जेरियातल्या पंपांवरून शेवटचं शिसेयुक्त पेट्रोल गेलं, तरी उमेद सोडू नका. पिस्टन इंजिनांची छोटी विमानं अजून त्याच रसायनावर उडतात, आणि अमेरिकेने ते थांबवायला २०३० अखेरचा वायदा दिलेला आहे. मधल्या काळात एखादी प्रयोगशाळा नक्की बांधून होईल.