रेशनकार्डं परत केली म्हणे!

परवा सकाळी आई चहा पिता पिता मोबाइलवरचा एक मजकूर मोठ्याने वाचत होती, आणि तोही कुणाला, तर आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना. रेशनच्या रांगेमुळे त्यांना त्या दिवशी अर्धा तास उशीर झाला होता. मजकूर तुमच्याकडेही आला असेलच. 'महायुद्धात ब्रिटन बेचिराख झालं. पण युद्ध संपताच स्वाभिमानी जनतेने रेशनकार्डं परत केली, कुणापुढे हात पसरला नाही, सरकारकडे फुकट काही मागितलं नाही, आणि दहा वर्षांत घरोघरी टीव्ही आला. पुढे बाहेरच्यांनी येऊन सगळं खाल्लं.' खाली जोडलेले हात आणि तिरंगा. मावशी पोळ्या लाटत राहिल्या. मीही तेव्हा गप्प बसले, त्याचीच चिडचिड आहे.

रेशनचं आधी, कारण थापेची कमाल तिथेच आहे. युद्ध संपलं १९४५ला. पाव युद्धकाळात कधीच रेशनवर नव्हता. तो रेशनवर गेला जुलै १९४६मध्ये, चांगली शांतता नांदत असताना, आणि दोन वर्षं तिथेच राहिला. चहा १९५२पर्यंत मापात, माणशी आठवड्याला दोन औंसांच्या आसपास. मी काट्यावर सत्तावन्न ग्रॅम पत्ती मोजली आणि वाटी आईपुढे ठेवली. "एवढीच?" म्हणाली. गोळ्या-चॉकलेटं एप्रिल १९४९मध्ये खुली केली, तर दुकानं अशी रिकामी झाली की ऑगस्टमध्ये पुन्हा रेशन लावावं लागलं. ते सुटलं १९५३ला. मांस सगळ्यात शेवटी, ४ जुलै १९५४ला. युद्ध संपून नऊ वर्षं! रेशनपुस्तकाची होळी झाली खरी, एका मंत्र्याने सभेत भलंमोठं नकली पुस्तक जाळलं. पण तेही १९५४मध्येच, रेशन संपल्यावर. तोवर त्या स्वाभिमानी बायका पिशव्या घेऊन रांगेतच होत्या.

हात पसरला नाही? मग ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ केन्स वॉशिंग्टनला हवापालटाला गेले होते का? अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलर, दोन टक्के व्याजाने, शिवाय कॅनडाचं वेगळं. हे कर्ज फिटलं डिसेंबर २००६अखेर. ही एक तारीख त्या मजकुरावर चिकटवली तरी पुरे. वर मार्शल योजनेतला, म्हणजे युद्धानंतर युरोपला सावरायला अमेरिकेने दिलेल्या मदतीतला, सर्वांत मोठा वाटा ब्रिटनचाच. आणि युद्धखर्चापोटी भारताचे शंभर कोटी पौंडांहून जास्त त्यांच्याकडे अडकले होते, हे तिरंगा लावणाऱ्याला तरी आठवायला हवं होतं.

फुकटाचं म्हणाल तर ऑगस्ट १९४६पासून पहिलं मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग, तेही आईच्या हातात. ५ जुलै १९४८पासून डॉक्टर, औषध, चष्मा, अगदी कवळीसुद्धा मोफत. १९५१ला चष्म्या-कवळीला पैसे लावायचं ठरलं, तर ही आरोग्यसेवा उभी करणाऱ्या अ‍ॅन्यूरिन बेव्हनने मंत्रिपदच सोडलं. नगरपालिकांनी लाखो घरं बांधून भाड्याने दिली. हे सगळं लोकांच्याच करांतून, वर्गणीतून झालं, त्यामुळे 'फुकट' म्हणता येत नाही, एवढं मान्य करते. लोक राबले हेही खरं. काम होतं म्हणून राबले, बेकारी फार कमी होती.

टीव्ही आला, पण कितीतरी घरांत हप्त्यांवर. राणी एलिझाबेथचा १९५३चा राज्याभिषेक सुमारे दोन कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिला, त्यातले बरेचसे शेजाऱ्यांकडे जाऊन. 'इतके चांगले दिवस कधीच नव्हते' हे पंतप्रधान मॅकमिलनचं १९५७चं वाक्य सगळे सांगतात. हे टिकेल का, ही त्याच भाषणातली धास्ती कुणी सांगत नाही.

आणि ते 'बाहेरचे'. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६पासून थेट कॅरिबियन बेटांतल्या बार्बाडोसला जाऊन बसच्या कामासाठी माणसं भरती केली. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या गिरण्यांतल्या रात्रपाळ्या पाकिस्तानातून आलेल्यांनी ओढल्या. इस्पितळांत कॅरिबियन नर्स, आपल्याकडचे डॉक्टर. खायला आले म्हणे!

आईने वाटीतली पत्ती डब्यात परत ओतली. "मावशींना उद्या मीच सांगते," म्हणाली. तोवर तो मजकूर तिने भिशीच्या ग्रुपवर टाकलेला होता.