अकाउंट बदलताना आपले नकार मागेच राहतात

सोशल मीडियावर नवे अकाउंट उघडल्यावर पहिल्या काही दिवसांत फीडमध्ये जे दिसते, ते आपल्यासाठी निवडलेले नसते. आपली भाषा, आपले ठिकाण, हातातला फोन आणि परवानगी दिली असेल तर त्यातले कॉन्टॅक्ट्स, एवढ्या तुटपुंज्या माहितीवर बहुतेकांना जे चालते तेच आपल्यापुढे वाढले जाते. त्यामुळे जुने अकाउंट काही कारणाने सोडावे लागलेला माणूस नव्या फीडकडे पाहून गोंधळतो. नाचाचे तुकडे, भांडणे, अपघातांचे व्हिडिओ, रातोरात श्रीमंत होण्याचे सल्ले असा सगळा बाजार समोर येतो आणि 'अल्गोरिदम बिघडला' असा निष्कर्ष काढला जातो. माझ्याही अकाउंटचा ईमेल आणि फोन नंबर दोन्ही बंद झाल्यामुळे मला हा अनुभव नुकताच घ्यावा लागला, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले. आपल्या आवडी फीडला लवकर कळतात. अकाउंटबरोबर खरे हरवतात ते आपण वर्षानुवर्षे दिलेले नकार, म्हणजे ब्लॉक, म्यूट आणि 'हे नको' अशा सूचना, आणि ते सोबत नेण्याची सोय आपल्याला मिळायला हवी.

आवडी लवकर का कळतात, हे या यंत्रणा कशावर शिकतात ते पाहिले की लक्षात येते. गुगलमधील पॉल कॉव्हिंग्टन, जे अ‍ॅडम्स आणि एम्रे सार्गिन यांनी २०१६ मध्ये यूट्यूबच्या शिफारशींवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्यात वर्णन केलेली रचना दोन टप्प्यांची आहे: प्रचंड साठ्यातून आधी काहीशे व्हिडिओ वेचायचे आणि मग पाहणारा त्यावर किती वेळ घालवेल, याच्या अंदाजानुसार त्यांचा क्रम लावायचा. लाइक-डिसलाइकसारखी उघड मते उपलब्ध असूनही आम्ही मॉडेलला प्रत्यक्ष पाहण्यावरूनच शिकवतो, असे लेखकांनी त्यात स्पष्ट लिहिले आहे. कारण व्यवहार्य आहे. बटण दाबणारे थोडे असतात, पाहत मात्र सगळेच असतात. एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणे, पुन्हा पाहणे किंवा नुसते त्यावर रेंगाळणे, हे सर्व होकार म्हणून नोंदले जाते. त्यामुळे होकार आपण न मागताही देत राहतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत फीडला आपली दिशा बरीचशी सापडते.

नकाराचे तसे नसते. एखादी गोष्ट न पाहणे हा फार दुबळा संकेत आहे, कारण आपण घाईत होतो, फोन वाजला की खरोखरच कंटाळा आला, हे यंत्राला सांगता येत नाही. म्हणून नकार मुद्दाम, बटण दाबूनच द्यावा लागतो, आणि तो दिला तरी ऐकला जाईलच असे नाही. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिलाने २०२२ मध्ये वीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या यूट्यूब वापराच्या आधारे या बटणांचा अभ्यास केला. नको असलेल्या शिफारशींपैकी सुमारे ४३ टक्के शिफारशी 'या चॅनेलची शिफारस करू नका' या बटणामुळे थांबल्या. वॉच हिस्टरीतून व्हिडिओ काढून टाकल्यामुळे २९ टक्के थांबल्या. डिसलाइक आणि 'नॉट इंटरेस्टेड' यांचा परिणाम मात्र अनुक्रमे १२ आणि ११ टक्क्यांवरच अडकला. हे आकडे माझ्या मते फार बोलके आहेत. 'मला हे नको' या मोघम तक्रारीपेक्षा 'हा माणूस नको' ही नेमकी मनाई यंत्रणेला कितीतरी जास्त कळते, आणि तीसुद्धा निम्म्यापेक्षा कमी वेळाच उपयोगी पडते. आपल्याला सर्वांत सहज सापडणारी बटणे सर्वांत निरुपयोगी असावीत, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही, पण तो वाद वेगळा.

आता जुन्या अकाउंटचा विचार करावा. तिथे आपण कित्येक वर्षे कोणाला ब्लॉक केलेले असते, कोणाला संबंध न तोडता गुपचूप म्यूट केलेले असते, काही शब्द लपवलेले असतात, काही चॅनेल कायमचे बाद केलेले असतात. ही कामे आपण एका बैठकीत केलेली नसतात; प्रत्येक नकारामागे एखादा मनस्ताप असतो. ज्यांच्या मागे कोणी हात धुऊन लागले होते, त्यांच्यासाठी तर ती यादी हीच सुरक्षितता असते. नव्या अकाउंटवर फॉलो केलेल्यांची नावे आठवून पुन्हा जमवता येतात, कारण ती माणसे आपल्याला हवी असतात. नको असलेल्यांची नावे मात्र आपण विसरलेलो असतो आणि ती विसरता यावीत म्हणूनच तर त्यांना दूर केलेले असते. नवे फीड त्या प्रत्येकाला पुन्हा एकदा आपल्यासमोर आणून उभे करते. त्यातच भर म्हणून नव्या अकाउंटने कॉन्टॅक्ट्स वाचलेले असतील, तर ओळखीच्यांच्या यादीतून नेमका तोच माणूस सुचवला जातो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो चुकीचा नाही: कोरी पाटी हा अनेकांना शापापेक्षा दिलासाच वाटतो. टिकटॉकने मार्च २०२३ मध्ये फीड नव्याने सुरू करण्याची सोय दिली आणि इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिफारशी पुसून टाकण्याची सोय जाहीर केली, ती मागणी होती म्हणूनच. जुन्या फीडमध्ये आपण होतो त्यापेक्षा आपल्या कमकुवत क्षणांचीच नोंद जास्त होती, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. आवडी पुसल्या जाव्यात, त्या पुन्हा सापडतील, कदाचित आधीपेक्षा बऱ्या सापडतील. पण आवडी पुसण्यासाठी नकारही टाकून द्यावे लागावेत, याला काहीच तांत्रिक कारण नाही. आवडींचा अंदाज यंत्राने बांधलेला असतो, तर ब्लॉकची यादी मी स्वतःच्या हाताने लिहिलेली असते.

कायद्याच्या नजरेतही हा फरक आहे. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम २० नुसार नागरिकाला आपण दिलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागता येते. कंपनीने त्या माहितीवरून काढलेले अंदाज मात्र या हक्कात धरले जात नाहीत. म्हणजे माझी आवड ही कंपनीची मालमत्ता आहे असा युक्तिवाद कोणी केलाच, तरी माझ्या नकारांबाबत तो टिकणार नाही. अडचण इतकीच की माहिती डाउनलोड करण्याचा दरवाजा उघडला, पण नकारांची यादी दुसरीकडे भरण्याचा दरवाजा मोठ्या कंपन्यांनी उघडा ठेवलेला नाही.

हे अशक्य आहे असेही नाही. ट्विटरने २०१५ मध्ये ब्लॉक याद्या निर्यात आणि आयात करण्याची सोय दिली होती, मुख्यतः त्रास दिला जाणाऱ्या लोकांना एकमेकांना मदत करता यावी म्हणून. पुढे ती सोय राहिली नाही. मास्टोडॉन या ट्विटरसारख्या छोट्या माध्यमावर आजही फॉलो, म्यूट आणि ब्लॉक यांच्या याद्या सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवून नव्या अकाउंटवर चढवता येतात. तशाच ब्लूस्काय या माध्यमावर कोणीतरी तयार केलेल्या ब्लॉक यादीचे सदस्यत्व घेता येते, त्यामुळे अकाउंट बदलले तरी ती यादी एका क्लिकवर परत मिळते. मनुष्यबळ आणि पैसा यांत या दोघांच्या कितीतरी पुढे असलेल्या कंपन्यांना हे जमत नाही, यावर माझा विश्वास नाही.

तोपर्यंत ज्यांना अकाउंट बदलायचे आहे, त्यांनी जुन्यात लॉगिन शिल्लक असतानाच आपली माहिती डाउनलोड करून घ्यावी. इन्स्टाग्राम आणि एक्स (पूर्वीचे ट्विटर) या दोन्हींच्या डाउनलोडमध्ये ब्लॉक केलेल्या अकाउंटची यादी मिळते. नव्या अकाउंटला कॉन्टॅक्ट्सची परवानगी देऊ नये. लपवलेले शब्द सेटिंग्जमधून उतरवून घेऊन पहिल्याच दिवशी नव्या ठिकाणी भरावेत, आणि मगच कोणाला फॉलो करायला सुरुवात करावी. ब्लॉकची नावे एकेक शोधून हाताने भरावी लागतात आणि त्यात एखादी संध्याकाळ सहज जाते, पण नावे शोधताना त्यांची प्रोफाइल उघडून आत डोकावू नये, कारण तेवढे पाहणेही होकार म्हणून मोजले जाऊ शकते.