फ्रिज बरा आहे

आमच्या घरात शांतता नेमकी कुठल्या दिशेला आहे, ते मला ठाऊक आहे. हॉलमध्ये सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि तोंड बाथरूमच्या दाराकडे करायचं. तिथे गिटारची घरघर निम्म्यावर येते. जरा कलंडलात की पुन्हा सुरू. त्यामुळे गेले सहा महिने मी सगळं संगीत बाथरूमला उद्देशून वाजवतोय.

गिटार इलेक्ट्रिक, सेकंडहँड, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी घेतलेली. सिंगल कॉइल पिकअपची. म्हणजे चुंबकांभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. ते गिटारच्या तारांची थरथर पकडतात, तशी आमच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीच्या वायरिंगचीही पकडतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून घरघर 50 आणि 100 हर्ट्झची. पाश्चात्त्य ‘जी’ सुराच्या केसभर वर. 2013 च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून अख्ख्या देशाला एकच फ्रिक्वेन्सी. एवढा मोठा तानपुरा फुकट मिळतोय, पण मेला थोडा चढा लागलाय. त्यात डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं, पायाखालचं पेडल दाबलं की ते बारीक आवाजाला उचलून मोठ्याच्या मांडीला मांडी लावून बसवतं.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने फ्रिजवाल्याला बोलावलं.

त्याने फ्रिज पुढे ओढला, मागे कान लावला, मग मान वळवून आतल्या खोलीत माझ्या अँपचा लाल दिवा पाहिला. मग मला पाहिलं. मी गुपचूप अँप बंद केला. घरघर थांबली. “आजी, फ्रिज बरा आहे,” तो म्हणाला, आणि व्हिजिटचे 350 रुपये घेतले. “हात लावला नाही तोच थांबला बघ! गुणी आहे मुलगा,” म्हणत आईने त्याला चहाही पाजला.

बायकोला मात्र कळायचं ते कळलं. नॉईज गेट नावाचं पेडल घेतलं की हा प्रश्न सुटतो, असं मी तिला सांगितलं. बजेट ठरलं तीन हजार, त्यातून फ्रिजवाल्याचे साडेतीनशे वजा.

रविवारी गिटार पाठीला लावून दादर गाठलं. ठाण्याहून फास्ट लोकलमध्ये पाठीवर गिटार म्हणजे अख्ख्या डब्याचं वैर. फक्त दारातल्या एकाने आपुलकीने विचारलं, “बेंजो का? हळदीच्या ऑर्डरी घेता?” नाही म्हणताना मलाच वाईट वाटलं. हळदीत कुणी घरघरीबद्दल तक्रार केली नसती.

दुकानातल्या पोराने मला पाहताक्षणी “काका” केलं. त्याने आधी बॉस कंपनीचं एनएस-2 नावाचं पेडल काढलं. हे 1987 सालचं मॉडेल. मी तेव्हा बालवाडीत होतो, आणि किंमत ऐकून पुन्हा तिथेच गेलो. “यात सेंड-रिटर्न आहे, काका. गेट तुमची साधी गिटार ऐकून ठरवतं आणि बाकीच्या पेडलांचा आवाज कापतं. फक्त केबल जास्त लागतात.” माझ्याकडे केबल दोन होत्या, त्यातली एक हलवली तरच चालायची. हंबकर पिकअपचीही चौकशी करून पाहिली: दोन कॉइल उलटसुलट जोडायच्या, म्हणजे एकीची घरघर दुसरी खाते. 1955 साली गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने काढलेली युक्ती. “नवीन गिटारच घ्या ना,” पोरगा म्हणाला. त्याचं लग्न झालेलं नसावं.

शेवटी काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक चिनी पेडल घेतलं, 2,600 ला. एकच बटण, थ्रेशोल्डचं, म्हणजे किती हळू आवाजापर्यंत अडवायचं ते ठरवणारं. शेजारी एक खटका: हार्ड म्हणजे दार धाडकन लावायचं, सॉफ्ट म्हणजे पाहुण्याला जिन्यापर्यंत सोडून यायचं.

हे गेट म्हणजे सोसायटीचा वॉचमन. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला सोडतो, हळू बोलणाऱ्याला अडवतो. पण गाडीला एकदा गेट उघडलं की मागोमाग डिलिव्हरीवालाही आत शिरतो, तशी सुराच्या आडून घरघर शिरतेच. बायकोला हे समजावलं.

“म्हणजे तू वाजवत नसशील तेव्हा शांत?”

“हो.”

“आणि वाजवताना?”

“तेव्हा गेट उघडं.”

“मग पैसे कशाचे दिले?”

थ्रेशोल्ड वाढवला तर लांबवलेला सूर मध्येच गळा दाबल्यासारखा मरायचा, कमी केला तर घरघर. माझं वाजवणं आणि गोंगाट यांत फार फरक नाही, असं त्या काडेपेटीचंही मत पडलं. आधी ते मी डिस्टॉर्शनच्या अलीकडे लावलं होतं. पलीकडे नेल्यावर जरा सुधारलं. पण खरा उलगडा केला इलेक्ट्रिशियनने. तो पंख्याच्या रेग्युलेटरसाठी आला होता. त्याने माझा ऐंशी रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड उघडून दाखवला. वर भोकं तीन, आत वायर दोनच. अर्थिंगचं भोक निव्वळ शोभेचं. “साहेब, तारा हातात धरून वाजवता ना? मग हे कशाला?” बोर्ड बदलला आणि घरघर निम्मी झाली. बाथरूमकडे न बघता.

उरलेली निम्मी गेटने गिळली. घरात अशी शांतता झाली की आई दोनदा विचारून गेली, “शिकणं सोडलंस का रे?”

कोजागिरीच्या आदल्या रात्री मात्र स्वयंपाकघरातून हाक आली, “अरे, बंद कर ते!” मी वाकून थ्रेशोल्ड वाढवला. घरघर चालूच. पूर्ण फिरवला, तरी चालूच. हे चिनी पेडल शेवटी दगा देणारच, असं पुटपुटत झोपलो. अँपचा प्लग दुपारीच काढून ठेवला होता, हे आठवलं सकाळी, आटवायला आणलेलं दोन लिटर दूध नासल्यावर.

फ्रिजवाला आला. मागे कान लावला. मग सवयीने आतल्या खोलीत डोकावला, तिथे अंधार होता.

“आजी,” तो म्हणाला, “या वेळी फ्रिजच आहे.”