किटली मारियानेची, चप्पल कोणाची?

२०२५च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. तेव्हापासून आपल्याकडचा वाद मी जर्मनीतून वाचते आहे. संताप रास्तच आहे. पण एवढ्या गदारोळात चपला करणाऱ्या एकाही माणसाचं नाव माझ्या वाचनात आलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

इथल्या एका चांदीच्या किटलीचं बघा. १९२४च्या सुमारास वायमारच्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत मारियाने ब्रांटने ती चांदी आणि काळ्या एबनी लाकडात घडवली. उंची जेमतेम सात सेंटिमीटर. अर्धगोल पोट, त्याखाली फुलीसारख्या दोन पट्ट्या, मागे अर्धवर्तुळाकार काळा कान. झाकण मुद्दाम मध्यापासून बाजूला घेतलंय, म्हणजे ओतताना तिथून चहा गळत नाही. गाळणं आतच बसवलेलं. हिच्यात कडक अर्क करायचा आणि कपात गरम पाणी घालून हवा तेवढा फिका करून घ्यायचा. दिसायला यंत्रातून निघाल्यासारखी, पण घडवलीय हातोडीने. मोजकेच नग झाले आणि तेही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.

ब्रांट १८९३ साली केम्निट्समध्ये जन्मली, शिकली चित्रकला. बाउहाउसचे शिक्षक मोहोली-नाज यांच्या धातुशाळेत ती आली तेव्हा तिथे सगळे पुरुष. सुरुवातीला तिला कंटाळवाणं कामच मिळे, ठिसूळ चांदीचे छोटे अर्धगोल ठोकत बसायचं. हे तिने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. १९२८मध्ये तीच धातुशाळा ती सांभाळत होती.

२००७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात यातला एक नग ३ लाख ६१ हजार डॉलरना गेला. एवढ्याशा चांदीचे इतके पैसे कोण देईल? किंमत आली ती नोंदीमुळे: किटलीला एमटी ४९ असा क्रमांक होता, करणारीचं नाव नोंदलेलं होतं, छायाचित्रकार लुचिया मोहोलीने काढलेले फोटो होते. (त्या फोटोंच्या श्रेयासाठी लुचियालाही पुढे बरीच वर्षं झगडावं लागलं.)

जर्मनीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. नाझी काळात ब्रांटला धड काम मिळालं नाही, नंतर पूर्व जर्मनीतही बाउहाउसकडे बरीच वर्षं संशयाने पाहिलं गेलं. ती १९८३मध्ये गेली. लिलावाचा पैसा तिच्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. पण नोंद टिकली म्हणून आज तिच्या गावात तिच्या नावाने डिझाइनची स्पर्धा भरते.

कोल्हापुरीला २०१९मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. त्याने प्रदेशाचं नाव राखलं जातं आणि ते हवंच. पण त्या प्रदेशातल्या एखाद्या घरात बसून चप्पल शिवणारी बाई त्यात कुठेच दिसत नाही. लिडकॉमने आता चपलांसाठी क्यूआर कोड आणलाय, त्यात कारागिराचं किंवा उत्पादन केंद्राचं नाव कळतं. केंद्राच्या नावावर भागवू नये. चामडं कोणी कमावलं, वेणी कोणी वळली, तळ कोणी शिवला, हे माणसांच्या नावानिशी लिहिलं जावं, आणि या महामंडळांशी झालेल्या करारानुसार प्राडासाठी बनणाऱ्या जोडांनाही हीच अट लावावी.